हीटरचं पाणी जातं कुठे?

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन फोन आले. एक धारहून मामांचा, दुसरा सिएटलहून त्यांच्या मुलाचा, म्हणजे माझ्या मामेभावाचा. मामांची तक्रार बारा वर्षं जुन्या गाडीबद्दल होती आणि दादाची तलावात उभ्या असलेल्या त्याच्या छोट्या मोटरबोटीबद्दल. दोघांनीही शेवटी एकच वाक्य जोडलं. मामा म्हणाले, "त्याला सांगू नकोस, उगाच तिकडे काळजी करत बसेल." दादा म्हणाला, "बाबांना सांगू नकोस." आणि गंमत म्हणजे दुखणं दोघांचं एकच होतं: केबिन गरम करणारा हीटर गळत होता. त्यामुळे या वेळच्या 'खटपट'चा विषय आपोआपच ठरला.

मामी-मामांना दर महिन्याला डोळ्यांच्या तपासणीसाठी इंदूरला जावं लागतं. नंबर लवकर लागावा म्हणून पहाटे साडेपाचला निघतात. जानेवारीतली पहाट, रस्त्यावर धुकं, त्यात मावठा पडून गेलेला. मामा म्हणाले, "बाहेरचं धुकं एकवेळ परवडलं, पण हीटर लावला की काच आतूनच धुरकट होते. मामी फडक्याने पुसत बसते, आणि पुसली की जास्तच तेलकट दिसते." मग सहज बोलल्यासारखं पुढे म्हणाले, "कूलंटची बाटलीही सारखी खाली जाते. गॅरेजवाला म्हणतो, जुनी गाडी आहे, पाणी टाकत जा." गाडीखाली मात्र एक थेंब नाही.

ही तीन वाक्यं एकत्र ऐकली की निदान जवळजवळ झालंच म्हणायचं. पण त्यासाठी हीटर चालतो कसा, हे माहीत हवं.

गाडीच्या हीटरला वेगळी वीज किंवा वेगळं इंधन लागत नाही. इंजिन गार ठेवण्यासाठी त्याच्या भोवती कूलंट फिरत असतं आणि ते साधारण ९० अंशांपर्यंत तापतं. ही उष्णता एरवी पुढच्या रेडिएटरमधून हवेत जाते. त्याच गरम कूलंटचा एक फाटा दोन रबरी नळ्यांमधून डॅशबोर्डच्या मागे आणलेला असतो. तिथे वहीएवढा एक छोटा रेडिएटर बसवलेला असतो. कंपनीवाले त्याला हीटर कोअर म्हणतात, आपल्याकडचे मिस्त्री हीटर कॉइल. पंखा त्यातून हवा फुंकतो आणि आपल्या पायांना ऊब मिळते. फुकटची ऊब, पण किंमत अशी की इंजिनाचं उकळतं पाणी, तेही दाबाखालचं, आपल्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर फिरत असतं.

दाबाची गोष्ट महत्त्वाची आहे. धार समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. इंजिनाला हे चालणार नाही, म्हणून रेडिएटरचं झाकण आत साधारण एक बार जादा दाब कोंडून ठेवतं आणि उकळबिंदू वर ढकलतं. प्रेशर कुकरचंच तत्त्व. म्हणूनच गरम इंजिनावर ते झाकण कधीही उघडायचं नाही, आणि म्हणूनच थंड गाडीत न गळणारं बारीक भोक गाडी तापली की गळायला लागतं.

आता ते भोक डॅशबोर्डच्या मागच्या कॉइलला पडलं तर काय होईल? कूलंट खाली रस्त्यावर पडणार नाही. ते आतल्या गालिच्यात आणि त्याच्या खालच्या जाड नमद्यात मुरेल. थोडं वाफ होऊन पंख्याच्या हवेबरोबर काचेवर जाईल. कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं. त्याचा थर पाण्यासारखा सुकत नाही, पुसला की पसरतो. मामी पुसत होती ते धुकं नव्हतंच, इंजिनाचं कूलंट होतं.

मी मामांना फोनवरच सांगितलं, डावीकडच्या सीटपुढची चटई उचला आणि गालिच्यावर पांढरा टिश्यू दाबा. एसीचं पाणीही कधीकधी तिथे येतं, पण त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि ते एसी चालू असतानाच येतं. मामांचा टिश्यू हिरवट झाला, बोटांना बुळबुळीत लागला आणि त्याला पाकासारखा गोडसर वास होता. इथे एक इशारा देऊन ठेवतो: चव घेऊन बघू नका. एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, मूत्रपिंडं निकामी करतं, आणि गोड असल्यामुळे कुत्री ते चाटतात. मामांच्या अंगणात गल्लीतली दोन कुत्री पडीक असतात, शिवाय शेजारचं रांगतं मूल अधूनमधून गाडीत खेळत असतं. पिळून काढलेलं कूलंट उघड्या ताटलीत ठेवू नका, गटारात ओतू नका, झाकणाच्या डब्यात भरा. कोणाच्या पोटात गेलंच तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा.

"पाणी टाकत जा" या सल्ल्याबद्दल मला थोडं बोलायचंच आहे. कूलंटचं चक्र बंद असतं. त्यातलं पाणी संपायचं काही कारणच नसतं. बाटली खाली जात असेल तर ते कुठेतरी जातंय, आणि कुठे जातंय हे शोधण्याऐवजी वरून भरत राहणं म्हणजे फुटक्या माठाखाली वाटी न ठेवता नळ चालू ठेवणं. शिवाय आपलं माळव्याचं बोअरचं पाणी! काळ्या पाषाणातून आलेलं, जड. देवासकरांना तर पाण्याबद्दल कोणी काही सांगायलाच नको. १९९० मध्ये इथे इंदूरहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आणि नंतर घरोघरी जी बोअरिंगं झाली त्यांचा पांढरा थर आपण बादल्यांवर, नळांवर आणि गीझरच्या कॉइलवर रोज पाहतो. तोच थर हीटर कॉइलच्या काडीएवढ्या नळ्यांमध्ये बसतो. कूलंट पातळ होत जातं तशी त्यातली गंजविरोधी रसायनं कमी होतात आणि ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. धारमध्ये त्याची गरज कोणाला? पण गंज धारमध्येही लागतोच. कूलंट आपण त्यासाठी घालतो, आणि पाणी घालायचंच तर बॅटरीत घालतात तसलं डिस्टिल्ड.

आता दादाची बोट. सिएटलला लेक वॉशिंग्टन नावाचं मोठं गोड्या पाण्याचं सरोवर आहे. १९१७ पासून ते कालव्याने आणि जलद्वारांनी समुद्राला जोडलेलं आहे, त्यामुळे हौशी लोक शनिवारी सकाळी तलावातून निघून दुपारी खाऱ्या पाण्यात पोचतात. दादाची बोट पंचवीस फुटी, जुनी विकत घेतलेली, पेट्रोल इंजिनाची. पुढे छोटीशी केबिन, त्यात दोन मुलं झोपू शकतात. तिथल्या हिवाळ्यात त्या केबिनमध्ये हीटर नसेल तर बोट मार्चपर्यंत बांधून ठेवायची.

व्यवस्था बघाल तर गाडीचीच. इंजिनात कूलंटचं बंद चक्र. फक्त रेडिएटरच्या जागी एक नळकांडं असतं, ज्यात तलावाचं पाणी बाहेरून फिरून कूलंटला गार करतं. त्याच बंद चक्राचा फाटा केबिनमधल्या छोट्या रेडिएटरला, मागे बारा व्होल्टचा पंखा. फरक दोन. गाडीत इंजिन आणि हीटर यांच्यामध्ये एक पत्रा असतो. बोटीत इंजिन मागे आणि केबिन पुढे, म्हणजे नळ्या चांगल्या लांब, फळ्यांच्या भोकांमधून, कपाटांच्या मागून ओवलेल्या. जितकी लांबी तितके सांधे आणि तितक्या घासायच्या जागा.

दुसरा फरक जास्त फसवा आहे. बोटीत गळलेलं सगळं सर्वांत खालच्या खोलगट तळाशी, म्हणजे बिल्जमध्ये जमतं. तिथे तरंगत्या स्विचचा पंप असतो, पाणी ठरावीक पातळीला आलं की तो आपोआप सुरू होतो आणि सगळं बाहेर फेकतो. गाडीत निदान गालिचा तरी ओला सापडतो. बोटीत पुरावाच तलावात जातो. दादाची बाटली दर फेरीला दोन बोटं खाली जायची आणि बिल्ज कोरडं. पंप इमाने इतबारे कूलंट सरोवरात सोडत होता, जिथे उन्हाळ्यात त्याचीच मुलं पोहतात.

त्याच्या बायकोने सुचवलं होतं की हीटर दुरुस्त होईपर्यंत केबिनमध्ये गॅसची छोटी शेगडी लावू. हे मात्र मी ऐकल्याबरोबर खोडून काढलं. बंद केबिन, झोपलेली मुलं आणि ज्योत. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. झोपेतला माणूस जागाच होत नाही. आपल्याकडे खोलीत सिगडी ठेवून दारं-खिडक्या लावून झोपल्यामुळे गेलेल्यांची बातमी थंडीत येतेच. न्हाणीघरातला गॅस गीझरही त्याच जातीचा. गळका हीटर एक दुखणं आहे, पण त्याच्या बदली काय पेटवलं जातं, हे त्याहून मोठं. हीटर बंद असेल तर जादा गोधडी घ्या किंवा घरी झोपा.

आता शोध. माझ्या रोजच्या कामात मोठ्या प्रोग्रॅममध्ये चूक सापडेना की आम्ही त्याचे दोन भाग करतो आणि एक भाग बाजूला काढून बघतो. चूक राहिली तर उरलेल्यात आहे, गेली तर काढलेल्यात. इथेही तेच. हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या इंजिनाच्या बाजूने सोडवायच्या आणि एकमेकींना एका सांध्याने जोडून द्यायच्या. कूलंट हीटरकडे न जाता तिथूनच परत फिरतं. त्यानंतर बाटलीची पातळी टिकली तर गुन्हेगार हीटर किंवा त्याच्या नळ्या. एक नळीचा तुकडा आणि दोन क्लिपा एवढाच खर्च. नळ्यांना नुसती बुचं मारू नका. काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना कूलंट याच फाट्यातून फिरत असतं, तो बंद केला तर इंजिनाचा एखादा कोपरा जास्त तापू शकतो. वळसा द्या, बूच नको.

रविवारी मी देवासहून धारला गेलो. इंदूर धरून जवळजवळ शंभर किलोमीटर, त्यामुळे वाटेत पोहे-जलेबी होणारच. मामांच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री आहेत, आयुष्यभर रेडिएटरच केलेले. त्यांच्याकडे झाकणाच्या जागी बसवायचा हातपंप आणि त्यावर काटा. थंड इंजिनावर तो लावून झाकणावर छापलेल्या दाबाएवढीच हवा भरायची, जास्त नाही, आणि पंधरा मिनिटं काट्याकडे बघत बसायचं. काटा हळूहळू उतरला. मग वळसा जोडला, पुन्हा हवा भरली. काटा जागचा हलला नाही. मिस्त्री म्हणाले, "भैया, इंजन तो शरीफ है. बदमाशी अंदर है."

तरी लगेच डॅशबोर्ड खोलायला मी तयार नव्हतो. बऱ्याच वेळा कॉइल चांगली असते आणि पत्र्यापाशी नळीची क्लिप ढिली असते किंवा सांध्यातली रबरी कडी कडक झालेली असते, आणि ओघळ नळीवरून आत जातो. हे बघायला एक युक्ती आहे. बऱ्याच कूलंटमध्ये चमकणारा रंग असतो. दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो जांभळा टॉर्च अंधारात मारला की गळतीची रेघ हिरवी-पिवळी उजळते. मामांच्या पत्र्यापाशी अंधार होता. डॅशबोर्डखालच्या फटीतून टॉर्च मारला तर हीटरच्या डब्याचा तळ दिवाळीसारखा उजळला. म्हणजे कॉइलच.

तोच टॉर्च दादाने तिकडे मागवला. त्याला मी आधी सांगितलं होतं की पेट्रोलची बोट आहे, इंजिनाचं झाकण उघड, ब्लोअर चार-पाच मिनिटं चालवून वाफा बाहेर काढ आणि मगच हत्यार हातात घे. बिल्ज पंप तपासणीपुरता बंद करून खाली पांढरे कागद अंथरायला लावले. हातपंपाने दाब दिला आणि रात्री आठला तो टॉर्च घेऊन पोटावर आडवा पडला. फोन एका हातात. हीटर स्वच्छ कोरडा निघाला. इंजिनाकडून येणारी नळी प्लायच्या आडव्या फळीतून जिथे आरपार जाते, तिथे भोकाची कड वर्षानुवर्षं इंजिनाच्या थरथरीने तिला कुरतडत होती. नखाएवढी चीर, आणि तीही फळीच्या जाडीत लपलेली. नळी बाहेर ओढल्याशिवाय दिसलीच नसती. मला स्वतःला ही गळती मामांच्या गळतीपेक्षा जास्त आवडली, सापडायला कठीण आणि दुरुस्तीला सोपी.

दादाचं काम एका शनिवारी झालं. तुकडा जोडून भागवू नको, पूर्ण नळी बदल, असं मी म्हटलं. एक बाजू खराब झाली तर दुसरीही त्याच वयाची. नळी गरम कूलंटसाठीच बनवलेली हवी, बागेची किंवा पारदर्शक प्लास्टिकची नव्हे. ती ९० अंशांना मऊ होऊन सांध्यावरून निसटते, आणि झोपलेल्या मुलांच्या उशाशी उकळतं कूलंट सुटतं. फळीच्या भोकात रबरी कडं, दर हातभर अंतरावर नळीला पट्टी, आणि क्लिपा पोलादी, न गंजणाऱ्या.

मामांचं काम मोठं. मिस्त्रींच्या पोऱ्याने आधी सोपा उपाय सुचवला, गळती बंद करणारी पावडर. ट्रकवाले पूर्वी रेडिएटरमध्ये हळद टाकायचे, त्यातलाच प्रकार. हळद असो की बाटलीतलं औषध, ते भोक ओळखून तिथेच जाऊन बसत नाही. जिथे वाट अरुंद तिथे अडकतं, आणि सगळ्यांत अरुंद वाटा हीटर कॉइलच्याच. ती चोंदली तर गळती थांबेल, ऊबही थांबेल, आणि उरलेला गाळ मोठ्या रेडिएटरकडे निघेल. रानात अडकलो तर घरी पोचण्यापुरतं ठीक. डाग देण्याचाही विचार झाला. जुन्या गाड्यांच्या कॉइली तांब्या-पितळेच्या असत, त्यांना कल्हईवाल्यासारखा डाग बसे. मामांची ॲल्युमिनियमची, प्लास्टिकच्या टोप्या दाबून बसवलेली. मिस्त्रींनी स्वतःच नकार दिला: "लगा दूँगा, पर टिकेगा नहीं." गिऱ्हाइकाला असं सांगणारा माणूस भेटला की बाकीचं कामही त्यालाच द्यावं.

कॉइल स्वस्त, मजुरी महाग. ती काढायला मामांच्या गाडीचा जवळजवळ सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागला, दीड दिवस गेला. एसीची कूलिंग कॉइल त्याच डब्यात असल्यामुळे गॅस आधी यंत्राने काढून घ्यावा लागला. एवढं उघडलंच आहे तर नळ्या, रबरी कड्या आणि डब्याचा फोम त्याच फेरीत बदलून घ्या. दुसऱ्यांदा डॅशबोर्ड उतरवला की तो कुठेतरी करकरायला लागतो. आणि कॉइल येईपर्यंतच्या दहा दिवसांत वळसा तसाच ठेवून मामा इंदूरला जाऊन आले. काचेसाठी एसी लावायचा, तो हवेतली ओल काढतो. थंडी वाजते, पण रस्ता दिसतो.

भरताना घाई करू नये. चक्रात हवा अडकली की हीटरमधून गार वारा येतो, डॅशबोर्डमागे गुळगुळ आवाज होतो, आणि लोक म्हणतात नवी कॉइलही खराब निघाली. गाडीचं नाक चढावर ठेवा, थंड इंजिनावर झाकण उघडून हीटर पूर्ण गरमवर करा, भरा, चालू करा, बुडबुडे थांबेपर्यंत थांबा आणि इंजिन पुरतं तापायच्या आत झाकण लावा. गाडीच्या पुस्तकात वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा. बोटीत हीटर इंजिनापेक्षा उंचावर असला तर हवा तिथेच जाऊन बसते, वरच्या नळीची क्लिप सैल करून ती सोडावी लागते. आणि कूलंटचा रंग बघून दुसरं तसंच ओतू नका. हिरवं, लाल, निळं याला काही एक नियम नाही, बाटलीवरचा प्रकार वाचा.

बाप-लेकाचं गुपित माझ्याकडून फुटलं नाही. मामींनी व्हिडिओ कॉलवर दादाच्या मागे जांभळा टॉर्च पाहिला आणि विचारलं, "अरे, तुझ्याकडेपण नोटा तपासतात का?" त्यानंतर दोघं तासभर क्लिपांच्या मापांवर बोलत होते.

मामांच्या गाडीचं एक काम अजून बाकी आहे. गालिचा वरून कोरडा लागतो, पण खालचा नमदा ओलाच असतो. ग्लायकॉल हवेतली ओल ओढत राहतं, पत्रा खालून गंजतो आणि त्याच्याखालून गेलेल्या तारांचे सांधे हिरवे पडतात. म्हणून सीटा काढून नमदा बाहेर घेतला, साबणाच्या पाण्याने दोनदा धुतला, पाणी बादलीत धरलं. सध्या तो मामांच्या गच्चीवर वडा-पापडांच्या शेजारी वाळतोय, आणि मामींना ते अजिबात आवडलेलं नाही.